गाडीच्या पोटाखाली (भाग ७) : आर्म वाचवा, बुश जाऊ द्या

मागच्या आठवड्यात लोअर आर्म सोडवून आपण बाकावर आणून ठेवला. आता त्यात अडकलेले जुने रबरी बुश काढायचे. ऐकायला हे काम किरकोळ वाटतं. फाटलेलं रबर ठोकून काढायचं, नवं घालायचं, झालं. पण चांगला, सरळ असलेला आर्म वाकतो किंवा त्याचं भोक खराब होतं, ते बहुधा याच कामात. बुश कचऱ्यातच जाणार असतो, तेव्हा त्याचं काहीही होऊ द्या. जपायचं आहे ते आर्मचं भोक.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना इंग्लंडमध्ये 1950 च्या फोर्ड कॉन्सुलबरोबर रस्त्यावर आली. तिच्यात वरचा आर्म नाही, खाली एकच. त्याच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट आणि सबफ्रेमकडच्या बाजूला दोन बुश. पुढचा बुश सहसा लहान आणि कडक असतो, तो बिजागरीचं काम करतो. मागचा जाडजूड आणि मऊ. ब्रेक दाबल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर चाक मागे रेटलं जातं, तो धक्का तो पचवतो. ब्रेक लावताच खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला तर पहिला संशय याचाच घ्यावा.

बुशची बांधणी नीट कळली की तो काढायचा कसा हे वेगळं सांगावं लागत नाही. आत बोल्टसाठी पोलादी नळी, बाहेर पातळ पोलादी कवच आणि मधे दोघांनाही व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली होतं तेव्हा बुश आपल्या जागी फिरत नाही, मधलं रबर पिळवटतं आणि सुटतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. उलट पेट्रोलियम ग्रीस आणि ऑइल या रबराला फुगवून खराब करतात. कवचाचा बाहेरचा व्यास आर्मच्या भोकापेक्षा केसभर जास्त ठेवलेला असतो आणि कारखान्यात ते प्रेसखाली दाबून बसवतात. म्हणजे आर्मला घट्ट धरून बसलंय ते कवच. रबराचा आर्मला हातही लागलेला नाही.

म्हणून आतल्या नळीवर हातोडा घालण्यात अर्थ नाही. सगळा मार रबर खातं, ते फाटतं, नळी निघून येते आणि कवच जिथल्या तिथे. याहून वाईट म्हणजे गंजलेलं कवच आणि आर्म एकाच रंगाचे दिसतात. रबर निघालं, भोक मोकळं झालं असं समजून त्याच कवचात नवा बुश ठोकायचा प्रयत्न होतो आणि बुश का जात नाही यावर गॅरेजमध्ये परिषद भरते. भोकाच्या कडेला बारीक छन्नी लावून पाहा. दोन धातूंमधली रेघ दिसली, तर कवच अजून आत आहे.

काढण्याआधी खुणा करा. मागच्या बुशच्या रबरात बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या दिशेला बुश मऊ आणि आडव्या दिशेला कडक असतो. नवा बुश फिरून बसला तर गाडीची चाल बदलते. पोकळ्यांची दिशा आर्मवर खडूने किंवा मार्करने आखा, बुश दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे ते मोजा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता प्रेस. लेथवाल्याकडे 12 किंवा 20 टनी हायड्रॉलिक प्रेस असतो, तो पुरतो. कवचाला एका बाजूने कॉलर असेल तर त्या बाजूने दाबू नका. बुश कॉलरच्याच दिशेने बाहेर यायला हवा, तेव्हा जोर विरुद्ध बाजूने. वरचा ठोकळा कवचाच्या कडेवर बसेल पण भोकातून सुटा जाईल एवढ्या मापाचा हवा. खालचा पाइप कवच आत मावेल इतका रुंद आणि आर्मला भोकाच्या काठालगत टेकणारा. पत्र्याचा आर्म असेल तर त्याच्या दोन पाख्यांमध्ये मापाचा तुकडा घालायलाच हवा, नाहीतर बुश सुटण्याआधी पाखे एकमेकांकडे झुकतात. गंज सुटताना ‘फट्’ असा मोठा आवाज होतो. चष्मा घाला आणि प्रेसच्या समोर उभे राहू नका.

प्रेस नसेल तर आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला मापाची गोटी आणि दुसऱ्या बाजूला पाइपचा तुकडा एवढ्यावर काम होतं. रॉड मात्र हाय टेन्साइल घ्या, कच्च्या रॉडचे आटे ताणाखाली सोलून निघतात. इथे आट्यांना भरपूर ग्रीस लावा. हे काम सावकाश होतं, पण जोर सरळ रेषेत राहतो आणि आर्मला मार बसत नाही. हातोड्यापेक्षा मला हे कधीही पसंत.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्यांत खाऱ्या हवेने कवच भोकाला असं धरतं की कधीकधी प्रेसनेही हलत नाही. अॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये पोलादी कवच असेल तर दोन धातूंच्या जोडीमुळे गंज आणखी हट्टी. अशा वेळी ड्रिलने रबराला सगळीकडून भोकं पाडून नळी काढा, हेक्सा ब्लेड भोकातून ओवून फ्रेमला लावा आणि कवच आतून बाहेर कापा. घाई नको. कवच संपून आर्म लागायच्या आत थांबायचं. मग बारीक छन्नीने कापाची कड आत दुमडली की कवचाची पकड सुटते.

गॅस कटरने बुश जाळायची पद्धत अजून चालते. ती बंद व्हायला हवी. रबराचा धूर विषारी असतो, नळी उडू शकते, काही बुशमध्ये द्रव भरलेला असतो आणि अॅल्युमिनियमच्या आर्मची ताकद उष्णतेने उतरते. एवढं करून जळतं ते रबर. अडलेलं कवच आत तसंच, ते शेवटी कापावंच लागतं!

भोक मोकळं झालं की पॉलिश पेपरने गंज पुसा, ग्राइंडर लावू नका. भोक वाढलं की नवा बुश सैल बसतो. सैल भोकाला पंच मारून किंवा बाहेरून वेल्डिंगचे ठिपके देऊन बुश धरवण्याची युक्ती कुणी सुचवली, तर सरळ नवा आर्म घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भार पेलणाऱ्या भागावर जुगाड नको.

पुढच्या भागात नवा बुश बसवू आणि त्याचा बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच का आवळायचा ते पाहू. तोवर भोक आणि नव्या बुशचं कवच व्हर्निअरने मोजून दोन्ही मापं लिहून ठेवा.