जुनीं भिंगें, नवे चित्रपट

भिंगांत दोष राहूं नयेत म्हणून भिंगकारांनीं शतकभर जिवाचें रान केलें. आणि आतां ते दोष जवळजवळ नाहींसे झाले असतां चित्रपटांचे छायालेखक तेच दोष हुडकीत जुन्या बाजारांत हिंडत आहेत, हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे. ग्रेग फ्रेझर या ऑस्ट्रेलियन छायालेखकानें 'ड्यून' चित्रपटाच्या २०२४ सालच्या दुसऱ्या भागासाठीं सोव्हिएत काळांतील स्थिरचित्रांचीं भिंगें नव्या नळ्यांत बसवून वापरलीं.

अशा भिंगांत 'हेलिऑस-४४' चें नांव मोठें. त्याचें कूळ मात्र जर्मन. येना येथील त्साइस कारखान्याचें 'बायोटार' हें ५८ मिलिमीटरांचें भिंग त्याचा पूर्वज होय. दुसऱ्या महायुद्धानंतर ती रचना रशियांत गेली आणि मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानें तिजवरून चार गटांत सहा कांचांचें आपलें भिंग घडविलें. 'झेनिट' कॅमेऱ्यांबरोबर तें जगभर गेलें.

या भिंगानें घेतलेल्या चित्रांत मधला चेहरा स्वच्छ दिसतो, पण मागचीं झाडेंपानें त्याच्याभोंवतीं भोंवऱ्यासारखीं फिरूं लागतात. कांठाकडून तिरपे येणारे किरण भिंगाच्या नळीनें थोडे कापले जातात. त्यामुळें प्रकाशाचे वाटोळे ठिपके डोळ्याच्या आकाराचे होऊन मध्याभोंवतीं रांगेनें मांडल्यासारखे दिसतात. शिवाय लेप नसलेल्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारें चार टक्के प्रकाश परत फेंकतो. यावर लेपाचा उपाय त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ मध्यें काढला खरा, पण जुन्या एकेरी लेपानें सगळाच प्रकाश आवरत नाहीं. दिवा समोर आला कीं चित्रावर पातळ धुकें पसरतें. आजचा अंकीय कॅमेरा नटीच्या गालावरचें रंध्रन् रंध्र दाखवितो. त्यास हें धुकें औषधासारखें लागू पडतें.

खरी अडचण बसविण्याची. झेनिटच्या आट्यांपासून फिल्मपर्यंतचें अंतर ४५.४६ मिलिमीटर, तर चित्रपटाच्या कॅमेऱ्यांवरील रूढ 'पीएल' जोडणींत तें ५२. म्हणजे भिंग साडेसहा मिलिमीटर अधिक पुढें राहतें, आणि जवळचें तेवढें स्पष्ट होऊन दूरचें क्षितिज अंधुक होतें. म्हणून कांचा काढून नव्या नळींत, कॅमेऱ्याच्या घशांत खोल बसवाव्या लागतात. ('अ‍ॅरी' कंपनीनें २०१८ मध्यें आणलेल्या जोडणींत हें अंतर ४४ असल्यानें तेथें काम सोपें झालें आहे.) चालत्या नटाबरोबर स्पष्टता राखणाऱ्या मदतनिसास कडें पुष्कळ फिरावें लागतें, त्यास दांते लागतात, आणि प्रकाशाचें छिद्र खटके न खातां मिटावें लागतें. या घडणावळीचा खर्च मूळ भिंगाच्या कित्येक पट होतो.

हें सगळें संगणकावर मागाहून करतां येणार नाहीं काय? येतें, पण नटानें मान वळवितांच समोरचा दिवा भिंगांत कसा उमटेल, हें तेथें अंदाजानेंच रंगवावें लागतें. उलट जुनें भिंग दिग्दर्शकावर हुकमत चालवितें, हेंही आम्हांस सांगितलें पाहिजे. चेहरा कडेला गेला कीं विरघळतो. म्हणून पात्रांस मध्यावर खिळून ठेवावें लागतें. संपूर्ण चित्रपट अशाच भिंगानें घेणें आम्हांस तरी रुचत नाहीं. स्वप्न, आठवण, भ्रम अशा प्रसंगीं मात्र तें शोभतें.

ज्यांच्या घरीं आजोबांचा झेनिट कपाटांत पडला असेल त्यांनीं तो भंगारांत घालण्यापूर्वीं भिंग उजेडाकडे धरून पाहावें. पावसाळ्याच्या दमटपणानें आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती फार दिवस राहिली तर लेपच काय, कांचही खाते. कोरड्या जागीं, चामड्याच्या पेटीबाहेर ठेवलेलें भिंग अधिक टिकतें.