विस्तवाला धाडलेला हुकूम

दिवा स्थानकाच्या फाटकापायी लोकल खोळंबल्याचा अनुभव ज्याने घेतला नाही, असा मध्य रेल्वेचा प्रवासी विरळाच. गाडीच्या दारात ताटकळणारा मनुष्य सिग्नलला दोष देतो. परंतु फाटकाचे दांडे खाली आले, कुलूपबंद झाले आणि ते कुलूपबंद झाल्याची खूण तारेतून परत पोचली, एवढे सगळे सिद्ध झाल्यावाचून त्या सिग्नलला हिरवा होण्याची मुभाच नसते. फाटक बंद करा असा निरोप गेला, एवढ्यावर रेल्वे विसंबत नाही. फाटक बंद झाले अशी पोच तिला लागते. दूर असलेल्या यंत्राला हुकूम करण्याच्या शास्त्राचे जे मर्म मला आज सांगावयाचे आहे, ते दिवेकरांच्या रोजच्या वाटेवर असे उघड मांडून ठेवलेले आहे.

हे मर्म एका परमुलखातल्या यंत्राच्या उदाहरणाने पाहू. युरोपातील थंड मुलखांत, विशेषतः ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली या देशांत, घर उबदार राखण्यासाठी आणि स्नानाचे पाणी तापविण्यासाठी पुष्कळ घरांत एक स्वयंचलित बॉयलर असतो आणि त्यात लाकडाच्या भुशाच्या कांड्या जळतात. त्यांना पेलेट म्हणतात. भुसा प्रचंड दाबाने पोलादी साच्याच्या भोकांतून रेटला की घर्षणाने तापतो, लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होऊन तेच डिंकाचे काम करते, आणि सहा मिलिमीटर जाडीच्या खडखडीत कांड्या बाहेर पडतात. शेंगांची टरफले, उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा यांपासून आपल्याकडे कारखान्यांसाठी जो ‘पांढरा कोळसा’ करतात, त्याचेच हे धाकटे भावंड. एक किलो पेलेटमध्ये सुमारे ४.८ युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास, वाया जाणारी उष्णता जमेस धरूनही, दीडशे ग्रॅम, ओंजळभर कांड्या पुरतात.

हे यंत्र परके वाटले तरी त्याचा पूर्वज आपल्या परिचयाचा आहे. आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि छिपट्या जळत, भोवतीच्या पोकळीत पाणी तापे, आणि आजी परसात दुसऱ्या कामात गुंतलेली असली तरी तिची नजर धुरावर असे: दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओले, धूर विरळ झाला म्हणजे जाळाने धरले. जवळून जाताना ती तांब्याला बोटांची पाठ लावून पाहत असे आणि मगच कोणाला तरी आंघोळीला हाक मारीत असे. हीच देखरेख यंत्राच्या स्वाधीन केली की पेलेट बॉयलर होतो. कोठीतल्या कांड्या मळसूत्र फिरून पुढे ढकलते, विजेने तापलेली सळई त्यांना पेटविते, पंखा वारा घालतो, धुराड्यातला तापमापक जाळ धरला की नाही ते सांगतो, आणि ठराविक मिनिटांत धूर तापला नाही तर मळसूत्र थांबते, कारण न पेटलेल्या कांड्यांचा ढीग साचू देणे धोक्याचे असते.

आता या विस्तवावर मोबाईलमधून हुकमत गाजवावयाची, तर पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही, की विस्तव म्हणजे विजेचा बल्ब नव्हे. बल्बाचा प्रवाह तोडला की काम संपले. बॉयलरचा प्रवाह एकाएकी तोडला तर पंखा थांबतो, अर्धवट जळालेल्या कांड्या धुमसत राहतात, पाणी फिरविणारा पंप बंद पडल्याने तापलेल्या धातूची उष्णता जागीच कोंडते, आणि धग मळसूत्राच्या नळीतून कोठीकडे मागे सरकण्याचे भय उत्पन्न होते. म्हणून ‘बंद हो’ हा हुकूम तारेला द्यावयाचा नसतो, तो बॉयलरच्या आतल्या नियंत्रकाला द्यावयाचा असतो. तो आधी कांड्या थांबवितो, उरलेले इंधन वाऱ्यावर जाळून संपवितो, पाणी फिरवीत राहतो आणि मग निवतो. आणि जी अखेरची सुरक्षा, म्हणजे पाणी अति तापल्यास सर्व थांबविणारा थर्मोस्टॅट आणि मागे सरकणाऱ्या आगीला अटकाव करणारी झडप, ती मोबाईलच्याच काय, कोणाच्याही हुकमाची ताबेदार असता कामा नये. ही बाब मला सर्वांत अगत्याची वाटते.

दुसरी अडचण वाटेतली. जलद लोकलने पारसिकच्या बोगद्यातून ज्यांनी वर्षानुवर्षे ये-जा केली, त्यांना आठवत असेल की बोगद्यात शिरताच फोन तुटे, आणि आपले शेवटचे वाक्य पलीकडे ऐकू गेले की नाही याचा उलगडा काही केल्या होत नसे. हुकूम वाटेत हरवला, की हुकूम पोचून पोच तेवढी हरवली, हे धाडणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. संगणकशास्त्राच्या दृष्टीने हा मूलभूत पेच आहे. यावर तोडगा हुकमाच्या भाषेतच आहे. ‘आहे ती स्थिती पालट’ असा हुकूम दोनदा पोचला तर पेटलेला बॉयलर विझेल. ‘पाणी ६० अंशांवर ठेव’ हा दहादा पोचला तरी परिणाम एकच. शिवाय प्रत्येक हुकमावर धाडणाऱ्याचा जावक क्रमांक असावा, म्हणजे दुबार आलेला ओळखता येईल, आणि मुदत असावी, म्हणजे संध्याकाळी सातला धाडलेला हुकूम नेटवर्क परतल्यावर रात्री अकराला, घर निजलेले असताना, अंमलात येणार नाही. जुन्या कचेरीतला कारकून जे नियम सवयीने पाळीत असे, तेच येथे यंत्राला शिकवावे लागतात.

वेबच्या भाषेत विचारणा आणि हुकूम यांचे शब्दही निराळे आहेत: माहिती मागण्यासाठी ‘गेट’, काही घडवून आणण्यासाठी ‘पोस्ट’. हा भेद पाळला नाही आणि ‘पेटव’ हा हुकूम साध्या विचारणेच्या दुव्यात कोंबला, तर तो दुवा पानावर दिसताच आगाऊ उघडून ठेवणारा एखादा ब्राउझर, कोणाच्या मनातही नसताना, घरात विस्तव पेटवून मोकळा होतो. आणखी असे, की घरच्या इंटरनेटला बाहेरून थेट गाठता येईल असा कायमचा पत्ता बहुधा नसतो. म्हणून बॉयलरच ठराविक काळाने दूरच्या सर्व्हरकडे जाऊन ‘माझ्या नावे काही आले आहे काय?’ असे विचारतो, किंवा त्याच्याशी एक वाट सतत उघडी ठेवतो.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला यातले पुष्कळसे अनुभवाने ठाऊक आहे. विहिरीवरचा पंप घरापासून दूर, वीज येणार रात्री-अपरात्री, वाटेत विंचूकाटा. या हालअपेष्टा ध्यानी घेऊन पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले, ज्याच्या योगे मोबाईलवरून पंप चालू-बंद करता येतो. मला त्याचा खरा गुण असा दिसतो, की शिवारात वीज आहे की नाही हेही ते शेतकऱ्याला घरी कळविते. हुकूम धाडण्याआधी तिकडची हकीकत कळणे ही निम्मी कामगिरी होय.

हुकूम कोणाचा आणि त्यात मागाहून कोणी भर तर घातली नाही ना, ही शहानिशाही हवीच. मराठेशाहीतल्या पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते त्यापुढे कोणी मजकूर घुसडू नये म्हणून. आजची अंकीय स्वाक्षरी तेच काम गणिताने करते. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने लाखो घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता म्हणून.

दिव्यात पेलेट बॉयलर कोणी बसविणार नाही. आपला हिवाळा तेवढा कडक नाही. पण मोबाईलवरून चालणारा प्लग लावून गीझर तापविणारी घरे आता येथेही आहेत, आणि २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो, जो ६ अँपिअरच्या प्लगला झेपत नाही. अशा प्लगमधील रिलेची, म्हणजे प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याची, टोके तापून एकमेकांना चिकटली, तर मोबाईलवर ‘बंद’ दिसते आणि गीझर चालूच राहतो. हुकूम पोचल्याची पोच मिळते, काम झाल्याची मिळत नाही. तेव्हा प्लग १६ अँपिअरचा घ्या, तो प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह मोजून दाखवितो की नाही ते पाहा, आणि बसविणारा इलेक्ट्रिशियन जाण्यापूर्वी त्याच्या देखत गीझर मोबाईलवरून अर्ध्या तासासाठी चालू करून राउटरची वायर काढा. अर्ध्या तासाने प्लग आपोआप बंद झाला नाही, तर तो परत करा.