खाण नाही, तरी तांब्याचा मुलूख

मुंबईकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्यांना मावळातले उर्से गाव ठाऊक असते ते टोलनाक्यामुळे. याच गावाच्या हद्दीत फिनोलेक्स केबल्सचा कारखाना आहे. केबल म्हटली की तांब्याची तार आलीच. पण मावळच्या जमिनीतून तांबे कधी निघाले नाही, निघण्याजोगेही नाही. तरीसुद्धा या पट्ट्याला तांब्याचा इतिहास आहे, आणि तो खाणींच्या गावांहून अगदी निराळ्या वाटेने गेला आहे.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. या काळ्या पाषाणात कार्ला, भाजे, बेडसे यांसारखी लेणी कोरता आली. तांब्याच्या खाणी काही काढता आल्या नाहीत. देशातले तांब्याचे मोठे साठे याहून फार जुन्या खडकांत आहेत: राजस्थानात खेत्रीला आणि गोंदियाच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला. तिथेही शंभर किलो दगड फोडावा तेव्हा जेमतेम किलोभर तांबे हाती लागते. तांब्याच्या खाणी डोंगरच्या डोंगर गिळतात त्या यामुळेच.

आणि कधी कधी गावेही गिळतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, न्यू मेक्सिकोत, सांता रीता नावाचे खाणगाव होते. खाण रुंदावत गेली, घरे मागे सरकवावी लागली आणि शेवटी गावाखालची जमीनच खणून निघाली. तिथे जन्मलेले लोक स्वतःला थट्टेने ‘अंतराळात जन्मलेले’ म्हणवतात, कारण त्यांच्या जन्मघराच्या जागी आता नुसती हवा आहे. १९७२ मध्ये ‘अपोलो १७’मधून चंद्रावर उतरलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांचाही जन्म तिथलाच. शेजारच्या अ‍ॅरिझोनातल्या जेरोमची तऱ्हा वेगळी. भरभराटीच्या काळात तिथली वस्ती हजारोंच्या घरात गेली होती. १९५३ मध्ये खाण बंद पडली आणि गावात शंभरेक माणसे उरली.

आपल्याकडची तांब्याची वस्ती खाणीच्या तोंडाशी नव्हे, गिऱ्हाइकाच्या दाराशी वसली. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार पुण्याच्या कसबा पेठेत स्थिरावले, ती तांबट आळी. तोफा, शिक्के अशी दरबारची कामे पेशवाईबरोबर १८१८ मध्ये संपली. हंडे, कळश्या, घंगाळे, पराती यांची मागणी मात्र राहिली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला माल लोणावळा, तळेगाव मागे टाकत थेट पुण्याला येऊ लागला. आज तांब्याच्या तारा ज्या मावळातून जातात, त्याच मावळातून तेव्हा तांब्याचे पत्रे जात.

तांबटाचे काम म्हणजे धातूच्या स्वभावाशी सतत घासाघीस. तांबे ठोकले की कडक होते, आणखी ठोकले तर तडकते. म्हणून ते भट्टीत लाल करून मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. अखेरीस गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने अंगभर ठोके द्यायचे, ते मठारकाम. ओळीत पडलेल्या या चकचकीत ठशांनी भांडे नुसते देखणे होत नाही, मजबूतही होते. पाणी तापवायचा बंब ही या हुन्नराची कमाल: मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, तळाला राखेसाठी जाळी, बाजूला तोटी. एकही सांधा गळून चालत नाही.

पण खाण नसताना धातू पुरायचा कसा? नवा पत्रा यायचा, तसे घराघरातले जुने तांबेही परत यायचे. फुटका हंडा मोडीत द्यायचा, वजनाचे पैसे वळते करून घ्यायचे, वर घडणावळ मोजून नवे भांडे न्यायचे. तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा कस जात नाही. आजही जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी जवळपास एक तृतीयांश भंगारातून येते. आपली खाण घरोघरच्या मांडणीवर होती.

या खाणीतला माल संपला नाही, गिऱ्हाईक संपले. आधी अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील आले. त्यांना कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही, आणि ती स्वस्तही. बंबाची जागा गिझरने घेतली. गेल्या काही वर्षांत मठाराच्या भांड्यांना शोभेच्या वस्तू म्हणून पुन्हा मागणी आली आहे. पण आळीत ठोके ऐकू येतात ते मोजक्याच घरांतून.

मोडीचा व्यवहार जितका काटकसरीचा, तितकाच विसराळू. काट्यावर धातूचे वजन होते, घडणावळीची किंमत शून्य. शिवाय आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले माहेरचे नाव, गाव, लग्नाची तारीख, ‘सप्रेम भेट’ देणाऱ्या मामाचे नाव. ज्या घरांच्या जुन्या नोंदी कुठेच नाहीत, त्यांच्या सोयरिकी हंड्याच्या काठावर सापडतात. मावळातल्या एखाद्या शाळेने मुलांना सुटीत एवढेच काम द्यावे: माळ्यावरची भांडी खाली काढायची, नावे उतरवून घ्यायची, फोटो काढायचे आणि आजीला विचारायचे, हे कोण? नंतर भांडे मोडीत गेले तरी चालेल. तांब्याचे पुन्हा तांबे होईल. काठावरचे नाव मात्र भट्टीत गेले की गेलेच.