कंटाळा: भावना की मनाची अवस्था?

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली आणि पुढे बियाणे उद्योग ही या जिल्ह्याची ओळख बनली. येथील अनेक गावांतील शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची अशा भाज्यांचे संकरित बियाणे आजही हातानेच तयार होते. टोमॅटोच्या मादी झाडावरची उमलण्याच्या बेतात असलेली कळी हेरून चिमट्याने तिच्यातील पुंकेसर अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी त्याच फुलाच्या कुक्षीला नर वाणाचा पराग लावायचा आणि खूण करून पुढच्या फुलाकडे वळायचे, असे हे काम आठवडेच्या आठवडे चालते. या ‘क्रॉसिंग’मध्ये एखादी कळी नजरेतून सुटली, तर ती स्वपरागणाने फळते आणि अशा फळांचे बी मिसळत गेल्यास माल शुद्धतेच्या चाचणीत नापास होऊ शकतो, म्हणजे काम एकसुरी, पण लक्ष ढळू देण्याची सोय नाही.

अशा कामात येणारा कंटाळा ही भावना मानावी की मनाची अवस्था, यावर मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. भावना म्हणजे विशिष्ट प्रसंगाला मिळणारा अल्पकाळाचा प्रतिसाद, ज्यात शरीरातील बदल, अनुभव आणि कृतीची ओढ एकत्र येतात; मनोवस्था मात्र रेंगाळते आणि तिचे नेमके कारण बहुधा सांगता येत नाही. पॉल एकमन यांच्या राग, भीती, किळस, आनंद, दुःख व आश्चर्य या सहा मूलभूत भावनांत कंटाळ्याला जागा नाही, तर रॉबर्ट प्लुचिक यांच्या १९८० च्या भावनाचक्रात तो किळसेचे सौम्य रूप म्हणून येतो.

या प्रश्नाची उकल लक्षाच्या, म्हणजेच अवधानाच्या, अभ्यासातून होऊ लागली. रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांकडून होणाऱ्या चुकांचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की क्वचितच दिसणारी खूण टिपण्याची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते. समाधान देणाऱ्या कामात गुंतावेसे वाटते पण गुंतता येत नाही, या अप्रिय अनुभवाला जॉन ईस्टवुड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळा म्हटले; तर एरिन वेस्टगेट व टिमोथी विल्सन यांनी २०१८ मध्ये त्याची दोन कारणे वेगळी केली: काम फार सोपे वा फार अवघड असल्याने लक्ष न लागणे, आणि कामात अर्थ न दिसणे.

या मांडणीनुसार कंटाळा मुळात भावनाच ठरतो, कारण भीती जशी धोक्याची सूचना देते, तसा तो लक्ष वाया जात असल्याची सूचना देतो आणि दुसरीकडे वळण्याची ओढ लावतो. रोजंदारीवरील बाईला मात्र कळ्या सोडून उठता येत नाही. सूचना येत राहते, तिच्याबरहुकूम वागता येत नाही आणि घटकाभराची भावना दिवसभराची अवस्था होऊन बसते. वारंवार कंटाळण्याचा स्वभाव ही याहून निराळी बाब असून, तो मोजण्यासाठी रिचर्ड फार्मर व नॉर्मन सुंडबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रश्नावली तयार केली.

म्हणूनच कंटाळलेल्या माणसाला आळशी ठरवणे शास्त्राला धरून नाही, कारण आळशाला काही करायचे नसते, तर कंटाळलेल्याचे मन कशात तरी गुंतू पाहत असते. कामाच्या पाळ्या बदलत्या ठेवणे आणि चिमटा हाती धरणाऱ्या बाईला चाचणीचा निकाल दाखवून तिच्या अचूकतेचे मोल सांगणे, हे दोन उपाय कंटाळ्याच्या दोन्ही कारणांना भिडतात. शुद्ध बियाणे शेवटी तिच्या लक्षातूनच घडत असल्याने त्या लक्षाची काळजी घेणे हा शेतीच्या नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.