भरून जाते, रिकामी येते

"मामा, हार्ड शॉक टाकायचेत. एकदम कडक. कोणत्या कंपनीचे घेऊ?"

भाच्याचा फोन आला तेव्हा तो नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर गाड्यांच्या रांगेत उभा होता. त्याची पिकअप हंगामात जवळजवळ रोज पळते. दुपारी क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून ओतूर, मग माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीचं मार्केट; उजाडताना रिकामे क्रेट घेऊन त्याच घाटाने वर. गाडी मागून 'बसते' ही त्याची तक्रार होती. कडक शॉक टाकले की बसणार नाही, असं त्याला रांगेतल्याच कुणी तरी सांगितलं होतं.

ही समजूत इतकी पसरलेली आहे की तिच्याशी भांडायला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "उभ्या गाडीचे मागचे दोन्ही शॉक सोडवून बाजूला ठेवले, तर गाडी किती खाली येईल?" तो म्हणाला, "वीतभर तरी येईल की." खरं म्हणजे ती बोटभरही येत नाही. माल पेलतात ते पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तेलाचा साधा शॉक वजनातला एक किलोही उचलत नाही. तो उभ्या गाडीत नुसता लटकलेला असतो. त्याचं काम गाडी हलायला लागल्यावर सुरू होतं.

नावानेच घोटाळा केला आहे. खड्ड्याचा धक्का आधी टायर घेतो, मग पाटे वाकून घेतात. पण वाकलेला पाटा घेतलेलं सगळं परत देतो. गाडी वर उसळते, खाली येते, पुन्हा उसळते. ही उसळी खाऊन टाकणारं यंत्र म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. इंग्लंडमधले इंजिनिअर त्याला डॅम्पर म्हणतात, ते जास्त प्रामाणिक आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याचं 'शॉकअप' झालं, आणि या नावातला 'अप' ऐकून गाडी वर उचलणारी ही वस्तू असावी असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही.

घोडागाड्यांना पाटे मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहेत. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया एलियट याने लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं. पण शॉक नव्हते, आणि कुणाला त्यांची उणीवही भासली नाही. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच बरीचशी उसळी मरते. त्यात घोड्याचा वेगही बेताचाच. मोटारीने वेग आणला तेव्हा हे घासणं पुरेना. फ्रान्समधल्या ट्रुफॉल्टने घर्षणाच्या चकत्या दाबून धरणारं एक कात्रीसारखं यंत्र काढलं. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने ते विकायला आणलं. मॉरिस हुदाय या दुसऱ्या फ्रेंच माणसाने चकत्यांऐवजी तेल वापरलं, आणि पुढची सगळी परंपरा तेलाची झाली.

त्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर हा मुळात हॉर्न बनवायचा. मोटारीच्या धुराच्या नळीतल्या दाबावर वाजणारा हॉर्न. तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं, गॅब्रिएलचं नाव त्याने त्याला दिलं होतं. मग त्याने 'स्नबर' काढला. गुंडाळलेला एक पट्टा. स्प्रिंग दबताना पट्टा सैल, स्प्रिंग परत उसळताना पट्टा ताणला जाऊन तिला आवरणार. म्हणजे दबण्यापेक्षा उसळण्याला जास्त आवरायचं असतं, हे त्या माणसाने पट्ट्यावरच ओळखलं होतं. आजच्या शॉकमध्येही ताणायला लागणारा जोर दाबायला लागणाऱ्या जोराच्या साधारण दुप्पट-तिप्पट ठेवतात. त्याच गॅब्रिएल नावाची कंपनी भारतात १९६१ साली निघाली, मुंबईत, मुलुंडला. आज तिचा एक मोठा कारखाना पुणे–नाशिक रस्त्यावर चाकणजवळ कुरुळीला आहे. माझा भाचा नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जातो तेव्हा त्या कारखान्यावरून जातो. हॉर्न वाजवतच जात असणार.

आता आत काय असतं ते. बाहेरची एक नळी, आत दुसरी नळी, आतल्या नळीत तेल आणि त्यात दांड्याला लावलेला पिस्टन. पिस्टनला बारीक भोकं आणि पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह. चाक वर-खाली झालं की तेलाला त्या भोकांतून घुसावं लागतं, आणि घुसताना ते तापतं. एवढंच. उसळीची सगळी ताकद उष्णता होऊन नळीच्या पत्र्यातून वाऱ्यावर जाते. म्हणून चांगला शॉक खराब रस्त्यानंतर गरम लागतो, कधी हात ठेवता येणार नाही इतका. जुने मिस्त्री घाट चढून आलेल्या गाडीखाली हात घालून दोन्ही बाजूंचे शॉक हलकेच चाचपून बघतात. एक तापलेला आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही. बंपर दाबून गाडी हिंदकळवून बघायची पद्धत कारला ठीक आहे. पिकअपच्या मागे पाट्यांचं घर्षण इतकं असतं की मेलेला शॉकही त्या परीक्षेत पास होतो.

तेल तापलं की पातळ होतं, आणि जोरात घुसळलं गेलं की त्यात हवा मिसळून फेस होतो. फेसाला भोकातून जायला काहीच कष्ट पडत नाहीत. लांबच्या खडबडीत रस्त्यावर तासाभराने गाडी बोटीसारखी डोलायला लागते ती यामुळे. यावर तोड म्हणजे नायट्रोजन. दोन नळ्यांच्या शॉकमध्ये तो कमी दाबाने भरतात. दुसरा प्रकार एकाच नळीचा: खाली तरंगता पिस्टन, त्याच्या पलीकडे जबर दाबाचा नायट्रोजन, अलीकडे तेल. ही कल्पना फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों याची. जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५० च्या दशकात ती कारखान्यात उतरवली. एकनळी शॉकमध्ये तेल थेट बाहेरच्या पत्र्याला लागून असतं, त्यामुळे तो लवकर निवतो आणि फेसही धरत नाही. मासिकांतून त्याचंच कौतुक होतं.

पण भाच्याच्या गाडीला मी तो सुचवला नाही. त्याची गाडी बाजारात जाते तशी शेताच्या बांधापर्यंतही जाते. खडीच्या रस्त्यावर चाकाने उडवलेला दगड शॉकच्या नळीवर बसणारच. दोननळीच्या बाहेरच्या पत्र्याला पोचा आला तरी आतली नळी सलामत असते. एकनळीत पिस्टन त्याच पत्र्याला घासून चालतो. तिथे पोचा आला की पिस्टन अडकलाच. जास्त चांगली वस्तू आपल्या रस्त्यावर जास्त टिकेलच, असं नाही.

आता त्या 'हार्ड'कडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पिकअप ही एक नव्हे, दोन गाड्या असतात. जाताना एक, येताना दुसरी. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनात जवळपास दुपटीचा फरक, आणि माल बहुतेक मागच्या एक्सलवर असल्याने तिथे तो त्याहूनही मोठा. पाटे तेच, शॉक तोच. हिशेब असा की पाट्यावरचं वजन चौपट झालं तर तेवढीच उसळी आवरायला दुप्पट रोध लागतो. म्हणजे रिकाम्या गाडीला बेताचा असलेला शॉक भरल्या गाडीला दुबळा पडतो. भाच्याला हे अनुभवाने माहीत आहे, म्हणूनच त्याला कडक हवा. पण भरल्या गाडीचा हिशेब करून घेतलेला कडक शॉक रिकाम्या गाडीला बेडीसारखा होतो. चाक खड्ड्यात उतरायला हवं, तर शॉक त्याला सोडतच नाही. टोलनाक्याआधीच्या रंबलरच्या पट्ट्यांवर तर गंमत बघा. पहिल्या पट्टीवर पाटा दबतो, परत यायच्या आत दुसरी पट्टी, मग तिसरी. गाडी दर पट्टीला थोडी खाली खाली जाते आणि शेवटी रबरी गट्टूवर बसूनच पळते. ड्रायव्हरच्या कमरेला सगळं कळतं. पावसात माळशेजच्या वळणावर चाकाने जमीन सोडली तर फक्त कमरेवर भागत नाही.

म्हणून कडकपणा मागू नये, मापं बघावीत. गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी, नेमक्या टनेजसाठी बनवलेला शॉक घ्यावा. एकाच नावाच्या पिकअप वेगवेगळ्या टनेजच्या येतात आणि दुकानदार 'सगळ्यांना चालतो' म्हणून एकच खोका पुढे करतो. त्यातल्या त्यात जाड नळीचा मिळाला तर उत्तम. जाड नळीत तेल जास्त मावतं, तेवढाच रोध कमी दाबात मिळतो, म्हणून तेल कमी तापतं आणि सीलवरचा भारही हलका. दांड्याचा क्रोम आरशासारखा हवा, कारण शॉकचं आयुष्य ऑइल सीलवर आणि ऑइल सीलचं आयुष्य त्या क्रोमवर. दांड्यावर वाळलेला चिखल हा सँडपेपरच असतो. वरचा धूळरोधक पत्रा हल्ली काही शॉकना नसतोच; आपल्याकडे तो नसलेला शॉक मी घेणार नाही. घुंडी फिरवून कमी-जास्त करता येणारे शॉकही मिळतात. रात्री दोन वाजता वाशीत माल उतरवून कोण गाडीखाली शिरून घुंडी फिरवणार?

शॉकच्या लांबीचा तर कुणी विचारच करत नाही. माल जास्त भरायचा म्हणून पाटेवाल्याकडून एखादा पाटा चढवला जातो. गाडी मागून उंच होते. शॉक मात्र जुन्याच मापाचा, म्हणजे रिकाम्या गाडीत तो आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला. चाक खड्ड्यात लटकलं की आतला पिस्टन वरच्या टोकाला आपटतो. असे शे-दोनशे ठोके बसले की सील तरी जातं, नाही तर बुशाची कडी तरी तुटते. मग शिव्या शॉक बनवणाऱ्याला. उलट बाजूने, एक्सलवरचे रबरी गट्टू झिजून गेले असतील तर पाटा पूर्ण दबताना शॉकच बुडाला टेकतो. गाडीला कुठे थांबायचं हे गट्टूने सांगायचं असतं. नवे शॉक घेताना गट्टू बघायचे, हे मी भाच्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो "हो मामा" म्हणाला.

त्याचे आधीचे शॉक एवढ्यात का गेले, ते गॅरेजमध्ये उघड झालं. ते 'नवे' म्हणून कुठल्याशा दुकानातून घेतलेले होते. मिस्त्रीने चिंध्यांनी पुसून दाखवलं: काळ्या रंगाखाली जुने ओरखडे आणि बुडापाशी मसुराएवढा वेल्डिंगचा ठिपका. मेलेल्या शॉकला भोक पाडायचं, मिळेल ते तेल ओतायचं, भोक वेल्डिंगने बुजवायचं, रंग मारायचा. झिजलेलं सील आणि खरवडलेला दांडा तसाच. असा माल महिना-दोन महिने छान चालतो. तेवढ्यात बिल हरवलेलं असतं. दांड्यापाशी नुसता तेलाचा ओलसर पापुद्रा असला तर घाबरायचं कारण नसतं, सील तेवढं घाम गाळतंच. ओघळ आला की संपलं. टायरवर हात फिरवल्यावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खळगे लागले, तर शॉक बऱ्याच आधी संपलेला असतो आणि मधल्या काळात टायरच झिजत राहिलेला असतो.

शेवटी त्याच्या गाडीच्या मापाचेच, दोननळीचे, मागची जोडी एकदम बदलली. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की गाडी ब्रेकला तिरकी वागते, म्हणून बदलायचे ते जोडीनेच. मिस्त्री साठीचा. खोक्यातून काढलेला शॉक त्याने लगेच लावला नाही. उभा धरून सावकाश पाच-सहा वेळा पूर्ण दाबला, पूर्ण ताणला. भाच्याला वाटलं, म्हातारा टाइमपास करतोय. पण दोननळी शॉक दुकानात आडवा पडून असतो तेव्हा बाहेरच्या नळीतली हवा आतल्या तेलात शिरलेली असते. पहिल्या दोन दाबांत दांडा मध्येच फसकन गेला. पाचव्या दाबाला तो लोण्यातून सुरी जावी तसा एकसारखा सरकायला लागला. बुशाचे नटही त्याने गाडी जॅकवर असताना नुसते बोटाने फिरवून ठेवले, आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळले. लटकत्या एक्सलवर आवळले असते तर गाडी खाली येताच बुशाचं रबर पिळलं गेलं असतं आणि रोज पिळलेलंच राहिलं असतं.

"मिस्त्री, किती दिवस जातील?" भाच्याने विचारलं.

"कंपन्या ऐंशी हजार किलोमीटरला तपासा म्हणतात," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "त्यांच्या रस्त्यावर."

आठवड्याने फोन आला. वाशीहून परत येत होता, ओतूरला चहाला थांबला होता. "मामा, रिकामी येताना फरक पडला. क्रेट खडखडायचे थांबले, पुलाच्या सांध्यावर गाडी आता बाजूला सरकत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण भरल्यावर मागून अजून बसतेच हो."

त्याची गाडी १.७ टनाची. टोमॅटोचा भरलेला क्रेट, क्रेटच्या वजनासकट, बावीस किलो धरला तर सत्त्याहत्तर क्रेटला हिशेब पुरा होतो.

"किती क्रेट भरले होतेस?"

"एकशे वीस."