नातवाच्या गांजावर जडीबुटीचा उतारा आहे का?



या सदरासाठी मला येणारे फोन बहुतेक गुडघेदुखी, साखर आणि रक्तदाब यांचे असतात. पण अलीकडे एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तो विचारताना आजी-आजोबांचा आवाज हळू होतो. "नातू सोळा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर गांजा ओढतो असं कळलं. हल्ली सांगितलेलं विसरतो, शाळेत लक्ष नाही. अंगातलं ते विष काढायला काही नैसर्गिक औषध आहे का? ब्राह्मी देऊ का? मुंबईहून मागवू का?"

कुपत होलिमच्या दवाखान्यात मी अनेक वर्षं नर्स होते. त्या अनुभवावरून आणि जे संशोधन झालं आहे त्यावरून या प्रश्नाचं उत्तर देते.

गांजा मेंदूत काय करतो?

याचा शोध आपल्या इस्राएलमध्येच लागला. १९६४ साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत प्रोफेसर राफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा पदार्थ, म्हणजे टीएचसी, वेगळा करून दाखवला. पुढे १९९२ मध्ये मेशुलाम यांच्या यरुशलेममधल्या प्रयोगशाळेत असं आढळलं, की त्याच्यासारखं काम करणारा एक पदार्थ मेंदू स्वतःच तयार करतो. त्याला नाव दिलं 'आनंदामाइड', संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरून. आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

स्मरण, झोप, भूक, मनाची अवस्था, या सगळ्यांत हा पदार्थ थोडा थोडा, वेळेवर काम करतो. गांजा ओढला की टीएचसी त्याच कुलपांत शिरतो, पण मोठ्या प्रमाणात आणि अवेळी. मेंदूची बांधणी साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून साठीच्या माणसाला आणि सोळाच्या मुलाला एकच मोजमाप लावता येत नाही.

न्यूझीलंडमधल्या डनीडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं भरपूर गांजा ओढला, त्यांचा बुद्ध्यंक ३८व्या वर्षापर्यंत सरासरी आठ गुणांनी उतरला होता. जुळ्या भावंडांच्या नंतरच्या अभ्यासात मात्र ओढणारा आणि न ओढणारा भाऊ यांच्यात असा फरक दिसला नाही. तेव्हा चार वेळा ओढलेल्या नातवाचं आयुष्य संपलं असं समजू नका, आणि "सगळेच ओढतात" म्हणून सोडूनही देऊ नका.

आता चांगली बातमी. अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या ८८ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे आठवड्यातून निदान एकदा ओढणारे होते. त्यांतल्या ज्यांनी महिनाभर गांजा पूर्ण बंद ठेवला, त्यांची नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली, आणि बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली. त्यांना कुठलीही बाटली दिली नव्हती. फक्त बंद केलं होतं.

बाटल्या आणि पुड्या

*शरीर 'साफ' करणारी पेयं.* टीएचसी चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा महिनाभर किंवा त्याहून जास्त सापडतात. काढा, लिंबूपाणी किंवा महागडं पेय त्याला धुऊन काढत नाही. काही मुलं तपासणीतून सुटण्यासाठी नायासिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-३, मूठभर खातात. त्याने यकृताला इजा होऊन इस्पितळात जाण्याची पाळी आलेली आहे.

*एन-ॲसिटिलसिस्टीन.* याची खरी चाचणी झाली आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत १५ ते २१ वयाच्या ११६ जणांवर. समुपदेशनाबरोबर हे औषध घेणाऱ्यांच्या लघवीची तपासणी स्वच्छ येण्याची शक्यता दुपटीच्या आसपास होती. पण २०१७ मध्ये ३०२ प्रौढांवर तीच चाचणी केली तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे आशा होती, खात्री नाही. दम्याच्या मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

*माशाचं तेल.* ओमेगा-३ मुळे मानसिक आजार टळतो असं २०१० मध्ये ८१ तरुणांच्या अभ्यासात वाटलं होतं. ३०४ जणांच्या मोठ्या अभ्यासात, २०१७ साली, ते खरं ठरलं नाही. तरी मासे चांगलेच. आपल्या कोकणात तारली आणि बांगडा होते, इथे सारडीन आणि सॅलमन आहेत. कॅप्सूलऐवजी आठवड्यातून दोनदा आंबट-तिखट कालवण करा, नातू निदान टेबलाशी बसेल.

*ब्राह्मी.* मोठ्या माणसांवर झालेल्या लहान अभ्यासांत बारा आठवड्यांनी स्मरणशक्ती थोडी सुधारल्याचं दिसतं. गांजा ओढणाऱ्या मुलांवर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात.

*अश्वगंधा.* झोप लागते म्हणून लोक देतात. पण यकृताला सूज आल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, थायरॉइडवर परिणाम होतो, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मुलांना देऊ नये.

*भारतातून येणारी पार्सलं.* याबद्दल मला विशेष सांगायचं आहे. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. शिसं वाढत्या मेंदूचं नुकसान करतं. म्हणजे मेंदू वाचवायला दिलेली पुडी मेंदूलाच मारू शकते. हळद, आलं, च्यवनप्राश ज्याच्या त्याच्या जागी ठीक. पण भस्म आणि रसौषधी मुलांना नकोत.

लपवून देऊ नका

एका ओळखीच्या आजींनी मला सांगितलं, की त्या नातवाच्या दुधात रोज हायपेरिकमचे थेंब घालत होत्या. त्याला कळू न देता. मुलगा आधीच डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्याच्या गोळ्या घेत होता. ही दोन्ही एकत्र गेली की अंग थरथरणं, ताप आणि धडधड असा गंभीर प्रकार होऊ शकतो. मी त्यांना बाटली घेऊन त्याच दिवशी कुपतच्या फार्मासिस्टकडे जायला सांगितलं आणि त्या गेल्या. मुलाला काही झालं नव्हतं. आजींची माया खोटी नव्हती, पण मायेने औषधाचा गुण बदलत नाही. शिवाय मुलाला कळलं असतं तर त्याने आजीच्या हातचं दूध पुन्हा घेतलं असतं का?

मग आपण काय करायचं?

रोज ओढणाऱ्याने बंद केलं की पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते. झोप लागत नाही, लागली तर विचित्र स्वप्नं पडतात, भूक मरते. पहिला आठवडा सर्वांत कठीण, दोन आठवड्यांत बहुतेक उतरतं. झोपेला कधी जास्त दिवस लागतात. या दिवसांत घरच्यांनी त्याची चिडचिड मनाला लावून घेऊ नये. पोहे, खिचडी, सूप असं हलकं थोडं थोडं द्यावं. दुपारनंतर कॉफी आणि कोला नको. संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन चालायला जावं. गुडघे दुखत असतील तर बाकापर्यंत जा, पण जा.

बोलताना पोलिसासारखी चौकशी करू नका. "का ओढतोस?" यापेक्षा "ओढल्यावर तुला काय बरं वाटतं?" असं विचारा. कुणी झोपेसाठी ओढतो, कुणी भीतीसाठी, कुणी सैन्यात जाण्याच्या काळजीने. कारण कळलं की उपाय सापडतो. आई-वडिलांना अंधारात ठेवू नका. घरच्या डॉक्टरांना सांगा, ते किशोरवयीनांच्या समुपदेशकाकडे पाठवतात. 'अल-साम' ही संस्था तरुणांसाठी याच कामात आहे. मन मोकळं करायला 'एरान'चा १२०१ हा नंबर आहे, आणि तो आजी-आजोबांसाठीही आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी काही जणांना दुखण्यासाठी परवान्याचं कॅनाबिस तेल मिळतं. "सबाला चालतं, मग मला का नाही?" असं नातू विचारणारच. सांगा, की सबा डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून घेतात आणि त्यांचा मेंदू वाढायचा थांबून चाळीस वर्षं झाली. बाटली कुलपात ठेवा. आणि जे वॉरफरिन घेतात त्यांनी असं तेल सुरू करण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावं, कारण रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

केव्हा थांबायचं नाही

मुलाला आवाज ऐकू येत असतील, कुणी पाठलाग करतं असं वाटत असेल, तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बेशुद्ध असेल, छातीत दुखत असेल किंवा झटके येत असतील तर १०१. कियोस्कवर 'नाइस गाय' नावाने विकल्या गेलेल्या पुड्यांसारखा कृत्रिम माल गांजापेक्षा कितीतरी घातक असतो. त्याचा संशय आला तर वाट पाहू नका. वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच बरं वाटत असेल, तर हाही गांजाचाच परिणाम असू शकतो. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, लाजू नका.

घरात पुडी किंवा बाटली आधीच असेल, तर ती या आठवड्यात फार्मासिस्टला दाखवा. आणि येत्या शब्बाथला नातवाला जेवायला बोलवा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.