विश्वास आधी गेला, श्रोता नंतर

लाटंबार्से हे डिचोली तालुक्यातील सीमेवरचे गाव. अशा गावांतून एकेकाळी संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओभोवती माणसे जमत. ती आता जमत नाहीत. याचा दोष खासगी वाहिन्यांवर आणि मोबाइलवर ढकलून आकाशवाणी-दूरदर्शनला मोकळे होता येणार नाही.

ध्वनिलहरींचे मोल गोमंतकीयांना शिकवावे लागत नाही. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सरहद्दीवरील रानातून गुप्त नभोवाणी चालविली. पोर्तुगीज सत्तेच्या हाती 'एमिसोरा द गोवा' होते; परंतु लोकांचा विश्वास तिच्या हाती नव्हता.

हा धडा स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी गिरविला नाही. १९७५ च्या आणीबाणीत आकाशवाणी सत्तेची भाट झाली. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत जगजीवनराम यांची सभा असताना दूरदर्शनने 'बॉबी' दाखविला. हेतू कोणापासून लपला नाही आणि मैदानही रिकामे राहिले नाही. १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्त न्यास सुचविला. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात येण्यास १९९७ उजाडले. तरीही वेतनाचा पैसा मंत्रालयाच्याच हातून येतो. पक्ष बदलले, रीत बदलली नाही.

हा पैसा संसदेने थेट द्यावा, आणि विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकवावे, एवढीच आमची मागणी आहे. जनतेकडून कर सक्तीने घेता येतो. तिचे कान घेता येत नाहीत.